मुलगा सट्टा लावतो, मुलगी ‘स्पिन’ फिरवते: काळजी कोणाची आणि कोणत्या वयात?

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. आयपीएलच्या दिवसांत त्यानं मित्राच्या ‘आयडी’वर (सट्ट्याच्या ऑनलाइन खात्यावर) पैसे लावले. सामने संपल्यावर मोबाइलवरच्या लाल-हिरव्या रंगांच्या खेळात माझ्या खात्यातले १८ हजार रुपये घालवले. धाकटी मुलगी तेरा वर्षांची. ती गेममध्ये डायमंड (गेममधलं चलन) विकत घेऊन ‘स्पिन’ (नशिबाचं चाक) फिरवते. घरातले म्हणतात, या वयात मुलं हे करतातच, मोठा झाला की सुटेल. आणि मुलींना काही जुगाराचा नाद लागत नाही. हे खरं आहे का? आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, ‘मोठा झाला की सुटेल’ आणि ‘मुलींना नाद लागत नाही’ ही दोन्ही वाक्यं मानसोपचाराच्या दवाखान्यात मी सतत ऐकत आले आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि त्या थोड्या तथ्याच्या भरवशावर घरं निर्धास्त राहतात. मुलगा की मुलगी यावरून काळजी ठरवू नका. कोणत्या वयात सुरू झालं, कोणता खेळ आहे आणि ते लपवलं जातंय का, यावरून ठरवा. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

आधी तुमच्या मुलाचं, कारण ते पुढे ढकलण्यासारखं नाही. सामन्यांवर मित्रांबरोबर पैसे लावणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीच सामने संपले की विसरून जातात. तुमचा मुलगा विसरला नाही. सामने नव्हते तेव्हा त्यानं दुसरा खेळ शोधला आणि तुम्हाला न सांगता तुमच्या खात्यातून पैसे काढले. १८ हजार या आकड्यापेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं.

तो रंगांचा खेळ तुम्ही स्वतः नीट समजून घ्या, नाहीतर मुलाशी बोलताना तो तुम्हाला अडाणी समजेल आणि बोलणं तिथेच संपेल. स्क्रीनवर वर एक घड्याळ उलटं धावत असतं, बहुधा एका मिनिटाचं, कधी तीसच सेकंदांचं. खाली लाल, हिरवा, जांभळा असे रंग; घड्याळ संपल्यावर कोणता येईल यावर पैसे लावायचे. दहा रुपयांपासूनही पैसे लावता येतात. जोडीला टेलिग्रामवर एक ग्रुप असतो आणि त्यात कुणीतरी ‘सर’. तो शिकवतो की हरलास तर पुढच्या डावाला दुप्पट लाव, पुन्हा हरलास तर पुन्हा दुप्पट; कधीतरी जिंकशीलच, आणि त्या एका डावात मागचं सगळं वसूल.

हुशार मुलांनाही हे पटतं, कारण कागदावर ते बरोबर दिसतं. म्हणून मी त्यांना कागदच देते आणि पुढे मांडायला सांगते. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १,२८०. सलग आठ डाव हरले की २,५५० रुपये गेले, आणि नवव्या डावाला २,५६० हवेत, तेही दहा रुपये नफ्यासाठी. खेळात काहीच लबाडी नाही, निकाल छापा-काट्याइतका सरळ आहे असं धरलं, तरी सलग आठ हरण्याची वेळ सरासरी ५१० डावांत एकदा येते. मिनिटाला एक डाव आणि रोज दोन तास, असा हिशोब केला की साधारण चार-पाच दिवस होतात. हा आकडा स्वतःच्या हातानं निघाला की मुलं गप्प होतात. मी सांगितलं असतं तर वाद घातला असता. शिवाय लबाडी नाही असं मानायला आधार तरी काय? सुरुवातीला जिंकलेले दोनशे-चारशे रुपये झटकन खात्यात येतात, म्हणून विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी इतके डिपॉझिट करा’ असा निरोप येतो.

आपल्याकडे जुगार नवा नाही. कल्याण मटका १९६२ पासूनचा. त्यात दोन आकड्यांच्या शंभर जोड्या आणि लागलेल्या जोडीचा भाव रुपयाला नव्वद, म्हणजे हिशोबातच खेळणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. त्यानं घरं बुडाली, हे आपण पाहिलंय. पण मटक्यात ओपन (पहिला आकडा) लागल्यावर क्लोजची (दुसऱ्या आकड्याची) वाट पाहावी लागे. आकडा लावायला घराबाहेर पडावं लागे, कुणीतरी पाही, ओळखीचा माणूस घरी येऊन सांगे. शाळकरी मुलाला पोरगा म्हणून हाकलूनही देत. फोनवरच्या खेळात ही मधली जागाच उरलेली नाही. डाव आणि निकाल यांत जितका कमी वेळ, तितका खेळ जास्त पकड घेतो. म्हणून दिवाळीत एकदा बसणारा तीनपत्तीचा डाव आणि मिनिटाला एक निकाल देणारा खेळ यांना मी एका पारड्यात घालत नाही, जरी घरातल्या मोठ्यांनी मुलांसमोर पैसे लावून पत्ते खेळणं मला मान्य नसलं तरी.

आता वयाचं. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जुगारविषयक आयोगानं २०२४ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली. ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉटसारखे खेळ खेळणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे १५.८ टक्के जणांना जुगाराचा विकार असू शकतो. तेच खेळ खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांत हे प्रमाण २६.४ टक्के. खेळांवरच्या सट्ट्यात प्रौढ ८.९ टक्के, मुलं १६.३ टक्के. खेळ तोच, पण कोवळ्या वयात त्याची इजा पावणेदोन पटीच्या आसपास. याचं कारण बरंचसं मेंदूच्या वाढीत आहे. बक्षिसाची ओढ निर्माण करणारा भाग चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात चालू झालेला असतो. थांब, विचार कर, असं म्हणणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. त्यात मित्र शेजारी बसले असले की मुलं एकटी असताना घेतील त्याहून जास्त जोखीम घेतात. आयपीएलची मॅच नेमकी घोळक्यातच पाहिली जाते.

आपल्या देशातलं चित्र पाहायचं तर केरळातले दोन अभ्यास मी नेहमी सांगते, कारण शाळा आणि कॉलेज दोन्ही वयांचे आकडे तिथे मिळतात. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ७३ शाळांतल्या पाच हजारांवर मुलामुलींपैकी २७.९ टक्के जणांनी कधी ना कधी पैसे लावले होते, आणि ७.१ टक्के जणांचा खेळ त्रासदायक पातळीवर गेला होता. शाळेत क्रिकेट आणि फुटबॉलवरचा सट्टा सगळ्यात पुढे, त्यामागे लॉटरी. कॉलेजच्या ५,५८० विद्यार्थ्यांत मात्र कधीतरी खेळलेले १९.५ टक्केच निघाले, आणि त्रासदायक पातळीवरचे ७.४ टक्के. तिथे लॉटरी पुढे होती. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. शाळेत जे खेळतात त्यातला चौथा अडचणीत. कॉलेजात जे खेळतात त्यातले दहांत जवळपास चार अडचणीत. ही तीच मुलं नव्हेत, दोन वेगळे गट आहेत, त्यामुळे फार ताणू नये. पण दवाखान्यात मला जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. वय वाढतं तसे गंमत म्हणून खेळणारे गळतात, आणि जे उरतात ते खोलात जातात. तुमच्या घरातले लोक गळणाऱ्यांकडे बघून बोलतायत. तुमचा मुलगा कोणत्या गटात आहे, हे आपल्याला शोधायचं आहे. आणि हे दोन्ही अभ्यास दहाएक वर्षांपूर्वीचे, दहावीतल्या मुलाच्या हातात यूपीआय आलं त्याच्या आधीचे आहेत.

साधारण कसं होतं ते सांगते. नऊ-दहा वर्षांपर्यंत गोट्या, पत्ते, चॉकलेटची पैज. यात मला काळजीचं काही दिसत नाही. बारा ते चौदा या वयात गेममधल्या, आत काय निघेल हे माहीत नसलेल्या पेट्या उघडणं, स्पिन फिरवणं, ‘हरलास तर वडापाव’पासून ‘हरलास तर शंभर’पर्यंतची मजल. पंधरा-सोळाला मोठ्या मुलाची ‘आयडी’, टॉसवर पैसे, पुढच्या षटकात किती धावा यावर पैसे. अठरा पूर्ण झाले की स्वतःचं खातं, पॅन कार्ड, कर्ज देणारी अॅप्स. माझ्या पाहण्यात दोन वेळा उडी मोठी पडते. पहिल्यांदा, फोनमध्ये पैसे पाठवायची सोय येते तेव्हा. दुसऱ्यांदा, मूल शिकायला घराबाहेर, हॉस्टेलवर किंवा रूमवर राहायला जातं तेव्हा. तुमचा मुलगा पहिल्या उडीत सापडलाय, आणि दीड-दोन वर्षांत दुसरी येईल. आत्ताच हात घातला तर ती निभावेल.

अठरा-वीसच्या मुलांमध्ये हल्ली मला आणखी एक वाट दिसते. ते जुगाराचं नावही घेत नाहीत, ‘ट्रेडिंग करतो’ म्हणतात. ऑप्शन्समध्ये (शेअरचा भाव चढेल की पडेल यावरच्या मुदतीच्या सौद्यांत) दिवसात वीस-तीस सौदे, एक्स्पायरीच्या म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी कॉलेजला दांडी. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवून दिलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या, आणि तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. शेअर बाजार म्हणजे जुगार, असं मी म्हणत नाही. पण हरलेले पैसे आजच परत मिळवायचे म्हणून सौदा करणारा मुलगा आणि रंगावर पैसे लावणारा मुलगा यांच्या मनात जे चाललेलं असतं ते एकच असतं, आणि उपचारही तोच लागतो.

मुलगे आणि मुली यांच्याकडे येते.

मुलगे जास्त खेळतात, हे जवळपास प्रत्येक देशात दिसलंय. युरोपातल्या ३५ देशांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या पाहणीत वर्षभरात पैसे लावलेले मुलगे २९ टक्के आणि मुली १५ टक्के होत्या. केरळातही अडचणीत सापडलेल्यांत मुलगेच जास्त. मुलगे सुरुवातही लवकर करतात. काही भाग स्वभावाचा आहे: चंचलता आणि अतिचंचलतेचा विकार मुलग्यांत जास्त आढळतो, आणि तो असला की जुगाराचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे ‘मला खेळ कळतो’ ही खात्री. पंधरा वर्षांच्या मुलाला गोलंदाजांची सरासरी पाठ असते, खेळपट्टी कशी वागेल हे तो सांगू शकतो, म्हणून आपण नशिबावर नाही, अभ्यासावर पैसे लावतोय असं त्याला मनापासून वाटतं. हरला तर ‘अंदाज थोडक्यात चुकला’. थोडक्यात चुकलेला डाव माणसाला थांबवत नाही, उलट पुढचा डाव लावायला लावतो.

पण या फरकाचा मोठा भाग मला स्वभावाचा वाटत नाही, मोकळीकीचा वाटतो. दिवाळीत पत्त्यांच्या डावाला ‘ये रे, बस’ म्हणून कुणाला बोलावतात? पानटपरीवर, मैदानात, बैलगाडा शर्यतीला कोण जातं? संध्याकाळी दोन तास बाहेर होता म्हणून कुणाला विचारलं जात नाही? जुगार घराबाहेर होता तोवर मुली त्यापासून लांब राहिल्या, कारण त्यांना घराबाहेरच पडू दिलं जात नव्हतं. आता तो बेडरूममध्ये, पांघरुणाखाली आला. युरोपातल्या त्याच पाहणीच्या २०२४ च्या फेरीत ऑनलाइन पैसे लावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ वरून १४ टक्क्यांवर गेलं आणि त्रासदायक खेळाचं ४.७ वरून ८.५ टक्क्यांवर. यात मुलींमधली वाढ ठळक होती. आपल्याकडेही असंच होणार, या तयारीनं मी काम करते.

मुलींचं दुखणं वेगळ्या दारानं येतं. मुलाला बाप घेऊन येतो, हातात बँकेचं स्टेटमेंट असतं, घरात मारामारी झालेली असते. मुलगी येते डोकेदुखीसाठी, झोप लागत नाही म्हणून, दंडावर ब्लेडच्या खुणा दिसल्या म्हणून. जुगाराबद्दल तिला कुणी विचारत नाही. घरचे नाहीत, शाळेतले नाहीत आणि बऱ्याचदा डॉक्टरही नाहीत. बारावीतली एक मुलगी आठवते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मायग्रेनसाठी आली होती. मी सगळ्यांनाच विचारते तसं विचारलं, ‘फोनवर पैसे लावून काही खेळतेस का?’ ती आधी आईकडे बघायला लागली. आईला बाहेर बसवल्यावर सांगितलं. रात्री अकरा ते दोन ती आईच्या फोनवर रमी खेळायची आणि व्यवहाराचे मेसेज लगेच पुसायची. जिंकण्यात तिला फार रस नव्हता. ‘खेळताना डोक्यात दुसरं काही येत नाही,’ ती म्हणाली. डोक्यात जे येत होतं ते वेगळंच होतं, आणि उपचार आम्हाला त्याचे करावे लागले.

हा फरक मला पुन्हा पुन्हा दिसतो. मुलगे बहुतेक वेळा उत्तेजनेसाठी आणि मित्रांत मान मिळवण्यासाठी खेळतात; मुली बहुतेक वेळा काहीतरी विसरण्यासाठी. मुली सुरुवात उशिरा करतात, कमी बोलतात, एकट्या खेळतात, म्हणून कळेपर्यंत वेळ गेलेला असतो. उलट उदाहरणंही आहेत: दुःख विसरायला खेळणारे मुलगे मी पाहिलेत, आणि वर्गात सट्ट्याची वही सांभाळणारी मुलगीही.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विचारा, कारण त्या जुगार म्हणून नोंदल्याच जात नाहीत. एक, ‘टास्क’. व्हिडिओला लाइक करा, पन्नास रुपये मिळवा, असं सुरू होतं. मग ‘पुढच्या टास्कसाठी हजार भरा, तेराशे परत’, मग पाच हजार. ही सरळ फसवणूक आहे, पण मन त्यात जुगारासारखंच अडकतं: भरलेले पैसे सोडवायला आणखी पैसे. दुसरी, मित्रासाठी दिलेलं खातं किंवा दागिना. मुलगा हरतो, आणि कानातलं गहाण पडतं मुलीचं. खातं ‘वापरायला’ दिलं असेल तर त्यातून सट्ट्याचे पैसे फिरतात आणि पोलीस आधी तिच्या दारात येतात. हे तुमच्या मुलालाही लागू आहे. त्याच्या नावचं खातं, सिम किंवा कार्ड त्यानं कुणाला दिलंय का, हे आजच विचारा.

तुमच्या मुलीचं स्पिन हा आज तरी विकार नाही, आणि तिला अपराधी वाटायला लावू नका. तरी ते निव्वळ खेळही नाही. पैसे भरायचे आणि काय मिळेल ते चाक थांबल्यावर कळणार, ही रचना जुगाराचीच. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात धरल्या. ज्यांचा यावर खर्च जास्त त्यांच्यात जुगाराची लक्षणंही जास्त, असं अनेक अभ्यासांत आलंय. मी घरांना एक सोपी रेघ आखायला सांगते: गेममध्ये पाहिजे ती वस्तू, ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या महिन्याच्या रकमेतून घ्यायला हरकत नाही, काय मिळेल हे माहीत नसताना पैसे भरायचे नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीला हा फरक लगेच कळतो. आणि नियम भावालाही तोच ठेवा, नाहीतर ती ऐकणार नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मुलाशी बोलायची वेळ निवडा. मॅच चालू असताना नको, हरलेल्या रात्री नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. त्याच्या वडिलांचा हात उठत असेल तर पहिलं बोलणं तुम्ही करा. दोन प्रश्न पुरेसे आहेत, आम्हीही चाळणीसाठी तेच वापरतो: पूर्वीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेसे वाटायला लागले का? आणि किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नीट तपासणी हवी. तुमच्या पत्रावरून दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आहेच.

तिसरा प्रश्न माझा, आणि तो टाळू नका: ‘जगण्यात अर्थ नाही, मरून जावं असं मनात आलं का?’ विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. कर्ज झालेलं, उघड व्हायची भीती आणि सोळा-सतरा वय, हे एकत्र आलं की मी सगळ्यात जास्त सावध होते. केरळच्या दोन्ही अभ्यासांत अडचणीत असलेल्या मुलांत आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होते. सोबत दारू-तंबाखू, परीक्षेतलं अपयश, आणि लहानपणी झालेला लैंगिक अत्याचारही. म्हणून पैसे लावणारं मूल समोर आलं की मी फक्त पैशांबद्दल विचारून थांबत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं ठेवू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

कर्जाचं. सगळी यादी एकदाच कागदावर येऊ द्या: मित्र, आयडी देणारा, दुकानदार, बहिणीचा गल्ला. पहिल्यांदा मुलं अर्धीच रक्कम सांगतात, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा विचारा, न रागावता. मित्रांचे हातउसने घेतलेले पैसे थोडे थोडे, त्याच्या पॉकेटमनीतून आणि तुमच्या हातून परत जाऊ द्या. सगळं एका दिवसात तुम्ही फेडलंत तर त्याच्या हाती कोरी पाटी येते आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा भरते. सट्ट्याची ‘उधारी’ मात्र फेडायला धावू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे, तो कोर्टात वसूल करता येत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलानं केलेला करार मुळात करारच नाही. धमक्या येत असतील तर मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांत जा. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर तक्रार कराल तितकं बरं.

पोलिसांत गेलो तर पोरगाच अडकेल, या भीतीनं पालक गप्प बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, हे चांगलं झालं. पण आयडीचा धंदा आणि टेलिग्रामचे ग्रुप परवानगी मागून कधीच चालत नव्हते, त्यामुळे कायदा झाला म्हणून घरातलं लक्ष कमी करू नका. गोव्यातल्या कॅसिनोत एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. या फोनवरच्या खेळांत ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या चौकटीवर बोट टेकवलं की झालं.

फोन पूर्ण काढून घेऊ नका. तो मित्राचा फोन वापरेल आणि तुम्हाला दिसणारही नाही. पैशाची वाट बंद करा. तुमच्या फोनचा आणि यूपीआयचा पिन बदला, बँकेचे मेसेज दोघा पालकांच्या फोनवर येऊ द्या, व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या, रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन, तुमचाही, एका खोलीत चार्जिंगला. क्लासची फी काही महिने रोख किंवा त्याच्या हातून देऊ नका. आणि घरात कुणी आकडा लावत असेल, काका-मामा ‘आयडी’ वापरत असतील, तर त्यांना आधी थांबवा. पालकांचा जुगार हा मुलांच्या जुगारामागचा सगळ्यात ठळक धोक्यांपैकी एक आहे.

उपचार होतात, आणि या वयात चांगले लागू पडतात. बहुतेक मुलांना औषधाची गरज नसते. आठवड्यातून एकदा अशी काही महिने बोलण्याची उपचारपद्धत असते. त्यात हाव कधी उठते, कोणाबरोबर असताना उठते, त्या दहा मिनिटांत काय करायचं, हरलेले पैसे परत मिळवायची ओढ कशी ओळखायची, यावर काम होतं. अतिचंचलता किंवा नैराश्य सोबत असेल तर त्याचे उपचार वेगळे करावे लागतात. ते केले नाहीत तर जुगार थांबल्यासारखा वाटून पुन्हा सुरू होतो. मध्ये एखाद-दोनदा घसरेल. त्यानं ते स्वतःहून येऊन सांगितलं तर सांगितल्याबद्दल शिक्षा करू नका.

जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या आठवड्यातच जा. जाताना गेल्या सहा महिन्यांची बँकेची नोंद, ती कर्जाची यादी आणि त्याचे दहावीपासूनचे निकाल सोबत न्या. डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलतील. तुम्ही बाहेर थांबा, आणि आत काय झालं ते त्याला गाडीत बसल्याबसल्या विचारू नका. मुलीला त्याच दिवशी नेऊ नका. तिच्याशी घरीच, वेगळ्या संध्याकाळी बोला, आणि स्पिनबद्दल विचारण्याआधी तिला झोप कशी लागते, वर्गात कोणाशी पटतं, हे विचारा.